सेकंड हँड जे/२४ दोघांनी मुंबईत चालवायला कशी आहे? एका सीझननंतरचा रिव्ह्यू

बोट चांगली आहे, घ्या. दोघांनी मुंबईच्या हार्बरमध्ये शनिवार-रविवार शिडावर फिरायचं असेल तर एवढ्या पैशात यापेक्षा दणकट बोट आम्हाला तरी सेकंड हँडमध्ये दिसली नाही, आणि आम्ही भरपूर बघितल्या. पण जे/२४ जे/२४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. यातल्या कितीतरी बोटी वीस, तीस, चाळीस वर्षं जुन्या आहेत, रंग मारून उभ्या केल्या की सगळ्या सारख्याच दिसतात आणि आत एक टणटणीत असते तर दुसरीच्या डेकमध्ये पाणी मुरलेलं असतं. त्यामुळे हा रिव्ह्यू अर्धा बोटीचा आहे आणि अर्धा ती विकत कशी घ्यावी याचा. नेटवर जे/२४ बद्दल जे मिळतं ते सगळं पाच जणांच्या रेसिंग टीमच्या नजरेतून लिहिलेलं असतं, नवरा-बायकोनं दोघंच चालवली तर काय होतं हे कुणी सांगत नाही म्हणून लिहायला बसले.

ज्यांना बोट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉड जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एक बोट बांधली, तिचं नाव रॅगटाइम, ती रेस जिंकायला लागली म्हणून लोक मागायला लागले आणि १९७७ पासून ती कारखान्यात बनायला लागली. आजपर्यंत जगभरात ५,००० पेक्षा जास्त झाल्यात. लांबी ७.३२ मीटर म्हणजे २४ फूट, रुंदी २.७१ मीटर, वजन साधारण १,४०० किलो आणि त्यातलं चारशेच्या वर किलो शिसं खाली कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटाखालच्या जड पात्यात. हे शिसं फार महत्त्वाचं. आम्ही दोघं शिकलो ते छोट्या डिंगीवर, डिंगी जोराच्या झोतात उलटते आणि मग हार्बरच्या त्या पाण्यात पोहत तिला सरळ करायची, पंचविशीत ठीक आहे, पण आता चाळिशीत, घरी मुलगी वाट बघत असताना, कील असलेलीच बोट हवी यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं.

आता दोघांचा प्रश्न. या बोटीच्या क्लास नियमात, म्हणजे याच मॉडेलच्या आपसातल्या रेसच्या नियमात, सगळ्या क्रूचं मिळून वजन जास्तीत जास्त ४०० किलो चालतं आणि लोक ते जवळजवळ पूर्ण भरतात, कारण पाच जण काठावर बसले की वाऱ्यानं आडवी होणारी बोट सरळ राहते. आम्ही दोघं मिळून त्याच्या एक तृतीयांश भरतो. म्हणजे जेवढ्या वाऱ्यात रेसवाले जेनोआ हे पुढचं मोठं शीड लावून आरामात पळतात तेवढ्याच वाऱ्यात आमची बोट कलते, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जड होतो आणि बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते. उपाय सोपा आहे, जेनोआ घरी ठेवायचा आणि पुढे लहान शीड, म्हणजे जिब लावायचा. बारा नॉटच्या वर वारा गेला की मुख्य शिडाला, म्हणजे मेनला रीफ घ्यायची, म्हणजे शीड खालून गुंडाळून छोटं करायचं. रेसिंगच्या मेनला रीफची सोय बहुतेक वेळा नसतेच, आम्ही शीडवाल्याकडून शिवून घेतली आणि दोघांसाठी बोट घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच महिन्यात हे काम करून घ्यावं असं मी अगदी कळकळीनं सांगते. त्यानंतर बोट पूर्ण बदलली. मी टिलरवर, नवरा शीटवर, म्हणजे शिडाच्या दोरावर, दोर ताणायचे दोन्ही विंच हाताशी, टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून तोंड फिरवून दिशा बदलताना, कुणाला डेकवर पुढे पळावं लागत नाही. पुढे जावं लागतं ते फक्त शीड चढवताना-उतरवताना आणि मूरिंग, म्हणजे बोट बांधायचा पाण्यात नांगरलेला तरंगता बोया, पकडताना.

मूरिंग पकडणं हीच दोघांची खरी परीक्षा आहे. अपोलो बंदरासमोर ओहोटीचं पाणी दक्षिणेला जोरात ओढतं आणि वारा दुपारनंतर वायव्येकडून असतो, म्हणजे पाणी एकीकडे ढकलतंय, वारा दुसरीकडून, मध्ये गेटवेच्या फेरीबोटींच्या लाटा, आणि तुमची दीड टनाची बोट ब्रेक नसताना बोयापाशी बरोब्बर थांबवायची. आधी आजूबाजूच्या मूरिंगवरच्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते बघायचं, त्यावरून पाणी जिंकतंय की वारा ते कळतं, आणि आपणही त्याच दिशेनं तोंड करून हळूहळू यायचं. पुढे उभा असलेला माणूस हातानं खुणा करणार, ओरडायचं नाही, वाऱ्यात ओरडलेलं अर्धंच ऐकू येतं आणि मग घरी जाईपर्यंत अबोला. खुणा आमच्या ठरलेल्या आहेत. बोट या बाबतीत खूप शहाणी आहे, अगदी हळू चालत असतानाही टिलरचं ऐकते.

आता विकत घेण्याबद्दल, आणि इथे मी सविस्तर लिहिणार आहे कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

बोट मेमध्ये बघायला जा. मुंबईत पावसाळ्यात लहान बोटी पाण्यात राहत नाहीत, मे संपायच्या आत सगळ्या क्रेननं बाहेर काढतात, आणि बाहेर काढलेल्या बोटीचं पोट बघायला मिळतं. पाण्यात तरंगणारी बोट बघून सौदा करणं म्हणजे भिंतीला ओल आहे का ते न बघता फ्लॅट घेण्यासारखं आहे. शिवाय विकणाऱ्याला पुढचे चार महिने जागेचं भाडं, ताडपत्री, राखण असा खर्च समोर दिसत असतो त्यामुळे मेमध्ये तो भावाचं बोलतो, ऑक्टोबरमध्ये नाही बोलत. तोटा एवढाच की पैसे दिल्यावर ऑक्टोबरपर्यंत बोट नुसती बघत बसायची. आम्ही बसलो, आणि ते चार महिने डागडुजीला आणि वाचायला कामी आले.

सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासून देणारा तज्ज्ञ, घ्याच. ज्याचा बोट विकणाऱ्याशी काही संबंध नाही असा घ्या आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. आमचा सर्व्हेयर सकाळी आला, प्लॅस्टिकची छोटी हातोडी घेऊन त्यानं अख्खं डेक इंच इंच टकटक करत वाजवलं. कारण असं आहे की जे/२४ चं हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्सा लाकूड, यामुळे बोट हलकी आणि कडक होते. पण डेकवर जिथे जिथे काही बोल्ट केलेलं आहे, विंच, क्लीट (दोर अडकवायची खुंटी), रेलिंगचे खांब, तिथलं सीलंट म्हातारं झालं की पाणी बोल्टच्या भोकातून बाल्सात जातं आणि बाल्सा कुजतो. सुकं असेल तिथे टक् असा खणखणीत आवाज येतो, ओलं असेल तिथे बद्द. पहिल्या पाच मिनिटांत आम्हालाही फरक ऐकू यायला लागला. आमच्या बोटीत डाव्या बाजूच्या रेलिंगच्या दोन खांबांभोवती आणि एका क्लीटखाली बद्द आवाज आला, आधीच्या कुणीतरी ते क्लीट नंतर बसवलं होतं आणि भोकं तशीच बाल्सातून आरपार पाडली होती. मॉइश्चर मीटरनं तेच दाखवलं. (मीटर हलवर लावायचा असेल तर बोट बाहेर काढून काही दिवस सुकू द्यावी लागते, नाहीतर सगळीकडेच ओल दाखवतो, हेही त्यानंच आधी सांगितलं, म्हणून तो आम्हाला आवडला.)

एवढ्यावरून बोट सोडायची गरज नसते. तीन ठिकाणी, आणि ते सुद्धा तळहाताएवढं, म्हणजे दुरुस्त होणारी गोष्ट आहे. पुढचं अख्खं डेक मऊ लागलं असतं, पाय ठेवल्यावर दबलं असतं, तर आम्ही निघून आलो असतो. सर्व्हे रिपोर्ट मालकासमोर ठेवला, दुरुस्तीचा अंदाज काढला आणि तेवढे पैसे किमतीतून कमी झाले, सर्व्हेयरची फी त्यातच वसूल झाली. मग बोल्ट काढून भोकं मोठी केली, ओला बाल्सा खरवडून काढला, पूर्ण सुकू दिलं, जाड केलेलं इपॉक्सी भरलं आणि त्या घट्ट इपॉक्सीतून नव्यानं भोक पाडून खांब परत बसवले. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये हवेत एवढा दमटपणा असतो की लाकूड सुकत नाही आणि इपॉक्सीवर चिकट थर येतो.

डेकनंतर कील. कील बोटीच्या पोटाला बोल्टनं लावलेली असते, त्या सांध्यावर पुढच्या बाजूला तडा दिसतोय का ते बघायचं, बारीक केसासारखी रेघ रंगाची असू शकते, रुंद असेल आणि गंजाचं पाणी गळत असेल तर बोल्ट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. या बोटी रेसमध्ये कधी ना कधी तळाला घासलेल्या असतात. डोलकाठी डेकमधून आत खाली जाऊन एका आडव्या बीमवर उभी राहते, तो बीम आणि त्याच्या बाजूचा पार्टिशनचा खालचा भाग कुजका नाही ना हे टॉर्च लावून, गुडघ्यावर बसून बघा, तिथे बोटीच्या तळातलं (बिल्जचं) पाणी साचतं. सुकाणू मागे बाहेरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेलं असतं, ते काढून हातात घ्या, फार जड लागलं तर आत पाणी आहे. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारांवर कापडाचा तुकडा फिरवा, धागा अडकला तर तिथे तार तुटायला लागलीय. मुंबईच्या खाऱ्या उकाड्यात स्टेनलेस स्टीलसुद्धा गंजतं आणि बहुतेक वेळा सुरुवात तारेच्या अगदी खालच्या टोकाला होते जिथे ती फिटिंगमध्ये शिरते. आम्ही सगळ्या तारा नव्या टाकल्या, जुन्यांचं वय कुणालाच सांगता येईना, आणि ज्या तारेवर अख्खी डोलकाठी उभी आहे तिच्या बाबतीत अंदाजावर जायची माझी तयारी नव्हती.

शिडांना मात्र भाव देऊ नका. विकणारा सांगतो तीन जिब आहेत, दोन मेन आहेत, वारा पाठीकडून असताना लावायचा फुगीर स्पिनाकर आहे. पिशवीतून काढा, जमिनीवर पसरा, शिवण नखानं ओढून बघा, उन्हानं जळलेला दोरा लगेच सुटतो. शिडाचं नवं डॅक्रॉन कापड कडक कागदासारखं वाजतं आणि जुनं धुतलेल्या चादरीसारखं मऊ पडतं. शीड कधीतरी बदलायचंच असतं. कील आणि डेक बदलता येत नाही. पैसे त्यांना मोजा.

कागदपत्रं. ही बोट भारतात बाहेरून आलेली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, मूळ स्वरूपात मागा, आधीच्या प्रत्येक मालकाचं विक्रीपत्र मागा आणि हलवरचा नंबर सगळ्या कागदांवरच्या नंबराशी जुळवा. हे मुंबई आहे, नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून आले त्यानंतर किनाऱ्यावर कडक नजर असते, आणि ती असायलाच हवी. सागरी पोलिसांनी विचारलं तर कागद, ओळखपत्र पटकन दाखवता आलं पाहिजे. आम्ही सगळ्याच्या प्रती वॉटरप्रूफ पाकिटात बोटीवर ठेवतो. नेव्हीच्या जहाजांपासून आणि डॉकयार्डपासून लांब राहायचं हे सांगायला नको.

खर्चाचा हिशोब बऱ्याच जणांचा इथेच चुकतो. एक ठोकताळा सांगतात की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के वर्षाला खर्च धरा. स्वस्तात घेतलेल्या जुन्या बोटीला तो हिशोब अजिबात लावू नका, कारण क्रेनवाला, मूरिंगवाला, शीडवाला, पोटाला शेवाळ धरू नये म्हणून मारायच्या अँटिफाउलिंग रंगाचा माणूस यातलं कुणीही तुमची बोट कितीला घेतली हे विचारत नाही, ते बोटीची लांबी आणि वजन विचारतात. चोवीस फुटी बोट फुकट मिळाली तरी क्रेनचे पैसे तेवढेच. आम्ही बोट जेवढ्याला घेतली तेवढ्यात एखादी बऱ्यापैकी हॅचबॅक आली असती, आणि पहिल्या वर्षात तारा, रीफ, दुरुस्ती, रंग, लाइफ जॅकेटं मिळून त्याच्या साधारण एक तृतीयांश वर गेले. हे आम्ही आधीच बाजूला काढून ठेवलं होतं म्हणून त्रास झाला नाही. बोटीला सगळे पैसे घालून खिसा रिकामा करू नका.

मुंबईत ही बोट चालते कशी? मस्त चालते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका, कधी कधी अकरा-बारा वाजता तोही पडतो आणि तासभर शीड लटकतं, मग दुपारी समुद्राकडून खारा वारा भरतो आणि चार वाजेपर्यंत बोट अक्षरशः धावते. हलक्या वाऱ्यात जे/२४ चालते हे तिचं मोठं सुख, आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेलं इंजिन, सुरू करावंसं वाटत नाही. मांडवा गेटवेहून सात-आठ नॉटिकल मैल आहे, जाताना वारा पाठीकडून असल्यामुळे मजेत जाता येतं आणि त्याच आनंदात लोक उशीर करतात, परत येताना तोच वारा समोर असतो आणि नागमोडी टॅक मारत दुप्पट वेळ लागतो. म्हणून आम्ही दुपारी दोनच्या आत मांडव्याहून निघतो. नवीन जोडप्यांनी तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि दमल्यावर घरी वाऱ्यासोबत यावं.

भरती-ओहोटी बघितल्याशिवाय निघू नका. इथे उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी वर-खाली होतं आणि आपली कील १.२२ मीटर पाण्यात असते, पूर्वेकडे उरणच्या बाजूला चिखलाचे पट्टे आहेत तिथे ओहोटीत रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत बसून राहाल. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्स दीपगृह आहे, १८७५ सालचं, ओहोटीला तिथला खडक इतका उघडा पडतो की माणसं चालत जातात, त्याला भरपूर लांबून वळसा घाला. टाइड टेबल मोबाइलवर असतंच, पण आपल्याकडचा जुना हिशोबही पाठ ठेवा, तिथीला पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. माझ्या सासूबाईंनी हे सांगितलं, त्या रेवदंड्याच्या आहेत, आणि आता शुक्रवारी रात्री त्याच फोन करून विचारतात की उद्या दशमी आहे, साडेसातला पाणी भरेल, तुम्ही कधी निघणार. आमच्या घरातल्या या बोटीच्या सगळ्यात मोठ्या पाठीराख्या त्याच आहेत.

सेफ्टीबद्दल एक गोष्ट या मॉडेलची खास आहे आणि ती विकणारे सांगत नाहीत. कॉकपिटच्या बाजूला, जिथे आपण बसतो त्याखाली, सामानाचे कप्पे आहेत. बोट जोरात आडवी झाली आणि कप्प्याचं झाकण उघडं असलं तर पाणी थेट आत शिरतं आणि जे/२४ अशा प्रकारे बुडालेल्या आहेत. झाकणाला पक्की कडी पाहिजे आणि मूरिंग सोडायच्या आधी ती लावलेलीच पाहिजे. लाइफ जॅकेट आम्ही टेंडरमध्ये, म्हणजे मूरिंगपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत, बसतानाच घालतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच हार्बरमध्ये नीलकमल फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि किती माणसं गेली, फेरीबोटीतले प्रवासी काही साहस करायला निघालेले नव्हते, घारापुरीला चाललेले साधे पर्यटक होते. जॅकेट पिशवीत ठेवून उपयोग नाही.

केबिनबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. बसता येतं, आडवं होता येतं, उभं राहता येत नाही. झोपायच्या चार जागा सांगतात, मोठ्या माणसांच्या दोन धरा. टॉयलेट म्हणजे पोर्टेबल डबा, दिवसभराच्या फिरण्यात बायकांसाठी हा प्रश्न खरा असतो, म्हणून आम्ही पुढच्या भागाला पडदा लावून घेतला आणि माझ्या बहिणी, मैत्रिणी आता बिनधास्त येतात. ओळखीचे विचारतात गोव्याला जाणार का. अभिलाष टॉमी ज्या म्हादेईवर २०१३ मध्ये एकट्यानं, कुठे न थांबता जगप्रदक्षिणा करून मुंबईला परत आला ती ५६ फुटी समुद्री बोट होती. ही दिवसा निघून संध्याकाळपर्यंत परत यायची बोट आहे आणि त्या कामात उत्तम आहे. रात्री मुक्काम, लांबचे पल्ले, किचन असं हवं असेल त्यांनी तीस फुटांच्या पुढची, इनबोर्ड डिझेल असलेली क्रूझर बघावी आणि खर्च निदान दुप्पट धरावा.

ज्यांना दर वीकेंडला जमणार नाही त्यांनी घेऊच नये. मुंबईच्या कोमट पाण्यात महिनाभर बोट उभी राहिली की पोटाला शेवाळ आणि बार्नकल, म्हणजे कवचाचे चिकट बारीक जीव, धरतात आणि मग ती ढिम्म चालत नाही. दोघांपैकी एकालाच हौस असेल तरी थांबा, आधी कुठल्याही क्लबात दोघांनी मिळून बेसिक कोर्स करा. आमच्याकडे ही बोट दोघांची आहे, कागदावरही दोघांची नावं आहेत, आणि सोमवारी ऑफिसला जाताना हाताला दोराचे वळ बघून दोघंही खूश असतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो केबिनमध्ये मान वाकवून बसावं लागतं त्याचा. मेमध्ये घेणार असाल तर क्रेनची तारीख एप्रिलमध्येच बांधून टाका, उधाणाच्या भरतीचे दिवस सगळ्यांनाच हवे असतात आणि ते पटापट भरतात.